गाडीचं मूळ रूप रंगाच्या आत असतं

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून जुन्या गाड्यांच्या नोंदणीची स्वतंत्र सोय केली. पन्नास वर्षांपेक्षा जुनी दुचाकी किंवा मोटारगाडी 'व्हिंटेज' ठरते, तिला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये लागतात आणि ती दहा वर्षं चालते. यातली कळीची अट आहे ती 'मूळ स्वरूपा'ची. गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. या दोन शब्दांवरून रॅलीच्या मैदानात आणि गॅरेजांत जो वाद चालतो, तो मला मुळातच भरकटलेला वाटतो. एक बाजू म्हणते, गाडी पहिल्या दिवशी जशी झळकत होती तशी पुन्हा झळकली की ती मूळ स्वरूपात आली. दुसरी बाजू म्हणते, एक स्क्रू बदलला तरी मूळपण गेलं. दोघांचंही लक्ष गाडी दिसते कशी याकडे आहे. ती बांधली कशी, हे कुणी विचारतच नाही. माझं म्हणणं दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हाताने बॉडी बांधलेल्या आलिशान गाड्यांपुरतं आहे. अशा गाडीचं मूळपण, ती बांधणाऱ्यांच्या हातचं जेवढं लाकूड, पत्रा, कातडं आणि रंग आज शिल्लक आहे, तेवढ्यातच असतं. त्यातलं कमीत कमी काढून, जे सडलं तेवढंच दुरुस्त करणं म्हणजे गाडी राखणं. सगळं उकलून नवीकोरी करणं हे नुकसान आहे, मग त्यावर कितीही पैसा आणि कितीही प्रेम ओतलेलं असो.

'हाताने बॉडी बांधलेली' म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजवायला फार लांब जावं लागत नाही. आपल्याकडे ट्रक घेणारा आजही अनेकदा चासी विकत घेतो आणि बॉडी वेगळ्या कारखान्यात बांधून घेतो. हायवेवर उघड्या चासीवर बसून, तोंडाला फडकं बांधून, वारा खात गाडी पोचवायला निघालेला ड्रायव्हर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. १९२५ च्या इंग्लंडमध्ये रोल्स-रॉइस घेणाऱ्याचा व्यवहार याच जातीचा होता. कंपनी चासी द्यायची: इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, रेडिएटर, बोनेट आणि त्यामागची आडवी भिंत. पुढचं सगळं गिऱ्हाइकाने हूपर, बार्कर, पार्क वॉर्ड, थ्रप अँड मॅबर्ली, गर्नी नटिंग अशा एखाद्या बॉडी बांधणाऱ्या पेढीकडून करून घ्यायचं. यातली बार्कर ही १७१० पासूनची, मूळ घोड्यांच्या बग्ग्या बांधणारी. पॅरिसमध्ये केलनर, बिंदर, साउचिक, फिगोनी ए फालास्की होते. मिलानमध्ये कास्तान्या आणि तूरिंग. अमेरिकेत मर्फी, लबॅरन, ब्रन. रोल्स-रॉइसच्या घराण्यातून तयार स्टीलच्या बॉडीसकट गाडी बाहेर पडली ती थेट १९४६ मध्ये, बेंटली मार्क सिक्सच्या रूपाने.

म्हणूनच 'कारखान्यातून निघाली तशी' हा निकष इथे लागूच होत नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्युसेनबर्ग घ्या. चासी आणि कॉम्प्रेसर बसवलेलं आठ सिलिंडरचं इंजिन अमेरिकेत, इंडियानापोलिसला तयार झालं. बॉडी लंडनला गर्नी नटिंगने बांधली. एवढ्या लांब चासीवर फक्त दोन माणसांची बैठक ठेवली, आणि रंग दिला भगवट नारिंगी व काळा. ही पुरी झालेली गाडी ड्युसेनबर्गच्या कारखान्यातल्या कुणीही आपल्या छपराखाली पाहिली नाही. मग तिचं मूळ स्वरूप कुठल्या कारखान्याच्या कॅटलॉगात शोधायचं? ते आहे त्या एका बॉडीत, आणि तशी दुसरी बॉडी नाही.

ही बॉडी बांधायची कशी, हे नीट पाहिलं की वादाचा अर्धा भाग आपोआप मिटतो. आधी गिऱ्हाइकाला दाखवायला छोट्या मापाचं रंगीत चित्र व्हायचं. ते पसंत पडलं की नकाशा काढणारा काळ्या रंगाच्या मोठ्या फळ्यावर गाडी पूर्ण मापात काढायचा. बाजूने, वरून, पुढून आणि मागून असे सगळे देखावे एकाच फळ्यावर, एकावर एक. अननुभवी माणसाला तो रेघांचा गुंता वाटेल, पण सुताराला त्यातून दाराच्या खांबाचा बाक तिन्ही दिशांनी मोजता यायचा. त्यावरून पातळ लाकडाचे साचे कापायचे आणि साच्यांवरून ॲश लाकडाचे तुकडे. ॲश म्हणजे क्रिकेटचे स्टंप ज्याचे करतात ते लाकूड: चिवट, लांब रेषांचं, धक्का बसला तर लवणारं पण सहसा न तुटणारं. ते जाडीच्या दर इंचाला एक वर्ष या हिशोबाने हवेत सुकवलेलं असे. खाली चासीवर बसणारे दोन लांब उंबरे, त्यावर दारांचे खांब, खांबांच्या डोक्यावरून जाणाऱ्या पाट्या, छपराला आडव्या कमानी. सांधे खाच-कुसवाचे किंवा अर्ध्याअर्ध्या जाडीचे. त्यात सरस किंवा सफेदा (शिशाचा पांढरा लेप) भरून स्क्रू मारायचे, आणि जिथे ताण जास्त तिथे घडीव लोखंडी पट्टीचा आधार द्यायचा.

मग पत्रेवाला. सोळा किंवा अठरा गेजचा, म्हणजे साधारण १.६ किंवा १.२ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी मोगरीने खोलवायचा. तो अक्रोडाच्या टरफलासारखा खडबडीत झाला की दोन चाकांच्या यंत्रात पुढेमागे फिरवून गुळगुळीत करायचा. खालच्या चाकाला बाक असतो, वरचं सपाट. दोन्हींच्या दाबाखाली पत्रा थोडाथोडा ताणला जातो. किती फेऱ्या आणि किती दाब, हे कुठेही लिहिलेलं नसे. तुकडे गॅसने जोडायचे, शिवण ठोकून सपाट करायची, कडा लाकडावर दुमडून बारीक खिळ्यांनी बसवायच्या. मडगार्ड बहुधा स्टीलची. त्यानंतर रंगारी आणि गादीकाम करणारे. १९२३-२४ च्या सुमारास नायट्रोसेल्युलोजचा रंग आला, तोवर तेल आणि वार्निशचे थर चढवायचे, वाळवायचे, पाण्याने घासायचे आणि पुन्हा चढवायचे, यातच आठवडेच्या आठवडे जात.

या पद्धतीने बांधलेल्या बॉडीचा डावा आणि उजवा भाग तंतोतंत सारखा कधीच नसतो. काही मिलिमीटरचा फरक सर्रास सापडतो, कारण डावं दार एकाने बसवलं आणि उजवं दुसऱ्याने. प्रत्येक तुकडा त्याच बॉडीवर बेतलेला, म्हणून तो हरवू नये यासाठी त्यावर बॉडीचा क्रमांक टाकलेला असे: लाकडात ठोकलेला, किंवा दाराच्या आतल्या फळीवर आणि गादीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला. कुठे सांधा एकदा चुकून पुन्हा कापलेला दिसतो, कुठे पाचर ठोकून खांब सरळ केलेला. त्या माणसांची नावं बहुतेक कुठेच नोंदलेली नाहीत. पेढीच्या पाटीवर मालकाचं नाव, कागदपत्रांत गिऱ्हाइकाचं, आणि ज्याने पत्रा ठोकला त्याची निशाणी फक्त पत्र्याच्या आतल्या बाजूला. ही निशाणी पुसायला आठवडा पुरतो. पुन्हा उमटवणं कुणालाच शक्य नाही.

आता 'रिस्टोरेशन' या नावाखाली आपल्याकडच्या अनेक गॅरेजांत काय होतं ते पाहू. गाडी आली की आधी रंग काढतात. कॉस्टिक सोड्याने काढला तर सोडा ॲल्युमिनियमच खातो. पत्र्याला खड्डे पडतात आणि सांध्यांत शिरलेला सोडा नंतर कित्येक महिने आतून काम करत राहतो. वाळूच्या फवाऱ्याने काढला तर १.२ मिलिमीटरचा पत्रा ताणला जाऊन फुगतो, आणि मग तो 'सरळ करायला' लांबी, म्हणजे पुटी, भरावी लागते. आतलं लाकूड किडलेलं दिसलं की सगळा सांगाडा तोडून चौकोनी लोखंडी पाइपांचा वेल्ड करतात. वर टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या आजच्या रंगाचे जाड थर. जी पितळी किंवा निकेलची वस्तू सापडेल तिच्यावर क्रोम. १९२० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत मोटारींवर क्रोम जवळजवळ नव्हतंच, निकेल होतं. रोल्स-रॉइसचा रेडिएटर तर जर्मन सिल्व्हरचा, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूचा. निकेलची झाक उबदार, किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. १९२५ ची गाडी क्रोममध्ये न्हाऊन निघाली की तिचं वय सांगणारी पहिली खूणच गेली. नंतर रॅलीत बक्षीस मिळतं, आणि निकालपत्रात 'मूळ स्वरूपात' असा शेरा पडतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो गंभीर आहे, आणि मी तो मान्य करतो. गाडी म्हणजे भिंतीवरचं चित्र नव्हे, ती रस्त्यावर चालते. ॲशला बुरशी आणि कीड लवकर लागते. मुंबईच्या दमट हवेत तर उंबऱ्यांचं लाकूड बाहेरून धड दिसूनही आत भुसा झालेलं असतं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांची दारं मागच्या बाजूला बिजागरीवर आणि पुढून उघडणारी. कुलपाकडचा खांब सैल झाला आणि चालत्या गाडीत दार सुटलं, तर वारा ते मागे फेकतो. असा खांब 'इतिहास' म्हणून तसाच ठेवणं हा निव्वळ निष्काळजीपणा ठरेल. ब्रेकचं अस्तर, टायर, कापूस आणि रबर गुंडाळलेल्या जुन्या तारा, पेट्रोलची नळी हे बदललंच पाहिजे. सागवान वापरणाऱ्या सुतारांचंही एक म्हणणं रास्त आहे: साग सहसा सडत नाही, वाळवीलाही सहजी दाद देत नाही.

पण सडलेलं काढणं वेगळं आणि सांगाडा फेकून देणं वेगळं. खांबाचा तळ सहा इंच सडला असेल तर तेवढाच कापून, साधारण एकास आठ अशा लांब उताराच्या सांध्याने नवा ॲश जोडता येतो. वरचा अडीच फूट जुना खांब, त्याचे जुने स्क्रू आणि बिजागरीची खाच जागच्या जागी राहते. सागाला तेल असतं, त्यामुळे साधा सरस किंवा गोंद त्यावर नीट धरत नाही, आणि ॲशइतका तो लवतही नाही. लोखंडी पाइपाचं तर याहून वाईट. त्या काळची चासी म्हणजे दोन लांब तुळया आणि त्यांना जोडणारे आडवे पट्टे; खड्ड्यातून जाताना ती पिळवटते. लाकडी सांगाडा तिच्याबरोबर थोडा हलतो, प्रत्येक सांधा आपापला वाटा उचलतो. वेल्ड केलेला पाइपाचा पिंजरा हलत नाही, म्हणून सगळा पीळ पिंजऱ्याच्या टोकांवर, दारांच्या वरच्या कोपऱ्यांवर आणि पत्र्यावर येतो. दोन पावसाळ्यांत दार अडकायला लागतं, कोपऱ्यात रंगाला केसासारखी चीर पडते, मग पत्र्याला. शिवाय ॲल्युमिनियमच्या पत्र्याला लोखंड चिकटून ओलं राहिलं की पांढरी पूड धरायला लागते. पत्रा लोखंडाच्या जवळ आतून कुरतडला जातो. म्हणजे सुरक्षिततेच्या नावाखाली केलेलं काम सुरक्षिततेलाच अपुरं पडतं.

दिसायला तीच, पण मुळात वेगळीच वस्तू कशी तयार होते, याचं वेमानच्या बॉडीइतकं स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. चार्ल्स वेमान हा वैमानिक. लाकडी बॉडी करकरते ती लाकडावर लाकूड घासल्यामुळे, हे ओळखून त्याने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडाचे तुकडे एकमेकांना टेकूच द्यायचे नाहीत अशी रचना काढली. दोन तुकड्यांत थोडीशी फट, आणि त्यांना धरून ठेवायला धातूच्या पट्ट्या. वर पत्र्याऐवजी कापूस आणि मेणकापडासारखं कातडी दिसणारं कापड. बॉडी हलकी झाली, आवाज गेला, आणि कितीतरी पेढ्यांनी परवाने घेतले. मिलानची तूरिंगही त्यातलीच. त्याच तूरिंगने पुढे १९३६ मध्ये बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियम चढवण्याच्या 'सुपरलेजेरा' पद्धतीचं पेटंट घेतलं. आता एखाद्या सुताराने वेमान बॉडी दुरुस्त करताना 'सांधे सुटलेत' असं समजून त्या फटी सरस आणि लाकडाने बुजवल्या तर? बाहेरून पाहणाऱ्याला गाडी आधीपेक्षा नीट दिसेल, पण ती वेमान राहिलेली नसेल. फट हीच रचना होती. ती उकलण्याआधी मोजली नाही, तर ती होती हे सांगायलाही कुणी उरणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त हुशार आहे. या गाड्यांचे मालक स्वतःच बॉड्या बदलत होते, मग कुठल्या तारखेचं रूप मूळ मानायचं? चासी वीस वर्षं टिकायची आणि फॅशन पाच. म्हणून जुनी बॉडी काढून नवी घालणं सर्रास होतं. उन्हाळ्याला उघडी आणि हिवाळ्याला बंद अशा दोन बॉड्या ठेवणारेही होते. शिवाय लंडनच्या उच्च न्यायालयापुढे १९९० मध्ये आलेल्या एका खटल्याचा दाखला दिला जातो. 'ओल्ड नंबर वन' नावाची बेंटली स्पीड सिक्स १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं फ्रान्समधली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर तिचा भीषण अपघात झाला, मग ती बंद बॉडीची झाली, पुढेही बदलत गेली. विकताना खरेदीदार म्हणाला, यात जिंकलेल्या गाडीचं उरलंय काय? न्यायालयाने मान्य केलं की त्या काळचे भाग थोडेच उरलेत, पण गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, म्हणून नाव तिचंच.

हा निकाल मला पटतो. पण तो आपल्या प्रश्नाचं उत्तर नाही. न्यायालयापुढे प्रश्न नावाचा होता: ही तीच गाडी का? आपल्यापुढे प्रश्न पुराव्याचा आहे: १९२९ च्या सुताराने आणि पत्रेवाल्याने काय केलं, हे या गाडीवरून कळतं का? पहिल्याचं उत्तर 'हो' असलं तरी दुसऱ्याचं 'नाही' असू शकतं. वारसा म्हणून आपण जपणार असू तर दुसरा प्रश्न महत्त्वाचा. बॉडी बदलण्याचा मुद्दाही नीट पाहिला तर माझ्याच बाजूचा निघतो. बुगाटीच्या प्रचंड रॉयालच्या सहाच गाड्या बांधल्या गेल्या, तीनच विकल्या गेल्या. पहिली १९३२ मध्ये कपड्यांचे व्यापारी आर्मां एस्देर यांना गेली, तिच्यावर ज्याँ बुगाटीने आखलेली दोन माणसांची उघडी बॉडी होती. रात्री गाडी चालवायची नाही म्हणून तिला पुढचे दिवेच नव्हते. पुढच्या मालकाने ती बॉडी उतरवून पॅरिसच्या बिंदरकडून बंद बॉडी चढवली. आता 'मूळ रूप' म्हणजे पहिल्या दिवसाचं रूप असं मानलं, तर बिंदरची अस्सल बॉडी मोडून एस्देरच्या गाडीची नक्कल चढवावी लागेल. सुदैवाने तसं झालं नाही. बिंदरची गाडी तशीच आहे, आणि एस्देरची प्रतिकृती जुन्या सुट्या भागांवर वेगळी बांधून फ्रान्समधल्या म्युलूझच्या संग्रहालयात ठेवली आहे, प्रतिकृती म्हणूनच. बघणाऱ्याला दोन्ही मिळाल्या. मालकाने १९३८ मध्ये बॉडी बदलली तेव्हा बिंदरची पेढी चालू होती, माणसं तीच होती, हत्यारं तीच. तो बदल हा त्या धंद्याचाच भाग होता. आज तो धंदा नाही. बार्कर १९३८ मध्ये हूपरमध्ये विलीन झाली आणि हूपरने १९५९ मध्ये काम बंद केलं. आज केलेला बदल हूपरचा होऊ शकत नाही, तो फक्त हूपरची जागा घेतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जवळचा वाटतो: हात चालत राहिले नाहीत तर कला मरेल. नुसत्या जुन्या बॉड्या जपून मोगरी कशी धरायची हे कळत नाही. खरं आहे. १९३५ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात बुगाटीने 'एरोलीथ' मांडली, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. मॅग्नेशियम पेट घेतं, म्हणून त्याचे पत्रे वेल्ड न करता कडा उभ्या दुमडून रिव्हेटांनी जोडलेले. ती गाडी नाहीशी झाली. कॅनडातल्या कारागिरांनी अलीकडे तीच बॉडी पुन्हा मॅग्नेशियममध्येच घडवली, आणि थंड असताना तडकणारा तो पत्रा कसा गरम करत वळवायचा हे त्यांना नव्याने शिकावं लागलं. हे काम मोलाचं आहे, आणि ते करायला कुठलीही अस्सल एरोलीथ मोडावी लागली नाही. बॉडी नसलेल्या चासी जगात पुष्कळ आहेत. त्यांवर नवी बॉडी बांधा, आपल्या नावाने, आजची तारीख घालून. अहिल्याबाईंनी काशीला १७८० मध्ये बांधलेलं देऊळ अहिल्याबाईंचं म्हणून ओळखलं जातं, त्याने त्याचं मोल कमी झालं नाही. आणि कौशल्याचाच विचार केला, तर सडलेल्या खांबाला सहा इंचांचा तुकडा असा जोडणं की जुना पत्रा एक मिलिमीटरही हलू नये, याला सगळा सांगाडा नवा करण्यापेक्षा कितीतरी जास्त हात लागतो. आपल्या डेंटर-पेंटरांकडे आणि सुतारांकडे तो हात आहे. ते काम त्यांना कुणी सांगत नाही, कारण त्याला चकाकी नसते आणि बिल लावणं अवघड जातं.

चकाकीच्या मोहाची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजलेली आहे, आणि तीही याच काळात. १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ओर्सिनी यांना बोलावलं. त्यांनी दोन प्रकारची कामं केली. सुटत चाललेला गिलावा आणि रंगाच्या खपल्या त्यांनी भिंतीला घट्ट बसवल्या. त्या कामाने चित्रं वाचली. आणि चित्रांवर लाखेचं वार्निश चढवलं, त्याने रंग तात्पुरते उजळले. ते वार्निश पुढे पिवळं पडलं, त्याने धूळ धरली आणि चित्रं काळवंडली. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याची पुढे कित्येक वर्षं गेली. माणसं तीच होती, निष्णात होती, हेतू चांगला होता. गिलावा धरण्याचं काम टिकलं आणि उजळण्याचं काम अंगावर आलं. गावोगावच्या काळ्या दगडी देवळांवर मारलेला ऑइलपेंटही याच विचारातून येतो, आणि कोरीव कामाच्या कडा त्याखाली कशा बुजतात हे आपण रोज पाहतो.

हे सगळं शेवटी राजेरजवाड्यांच्या चैनीसाठी होतं, त्याचं जतन कशाला, असंही काही जण विचारतात. गाड्यांना लागलेला पैसा रयतेचा होता, हे खरंच आहे. म्हणून तर त्या गाडीतला राजाचा भाग, म्हणजे झगमगाट, मला सगळ्यात कमी महत्त्वाचा वाटतो. आतलं लाकूड मजुरीवर काम करणाऱ्यांचं आहे. नवीकोरी करताना आपण नेमका झगमगाट ठेवतो आणि मजुराचा हात काढून टाकतो.

जगात हा विचार सरकायला लागला आहे. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये तुरीनची सनद मंजूर केली; तिने जतनाला पुनर्बांधणीच्या वर ठेवलं. कॅलिफोर्नियातली पेबल बीचची स्पर्धा १९५० पासून चालू आहे, आणि २०२४ मध्ये तिथे पहिल्यांदाच नवीकोरी न केलेल्या, आहे तशी जपलेल्या गाडीला सर्वोच्च मान मिळाला. ती होती बेल्जियमच्या राजाकडे राहिलेली १९३४ ची बुगाटी टाइप ५९, त्याच्या वेळच्या काळ्या-पिवळ्या जुन्या रंगासकट. आपल्याकडे नियम आहे, गाड्यांची तपासणीही होते. तपासणाऱ्याने काय पाहायचं, एवढंच ठरायचं आहे.

बॉडी बांधलेली गाडी समोर आली की रंगाची जाडी मोजणारं, स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं यंत्र आधी मडगार्डवर लावावं, मग दारावर. जुन्या रंगाइतकं पातळ माप कुठे आहे आणि कुठे लांबी भरली आहे, ते तिथेच कळतं. दाराच्या आतली फळी उघडायला सांगावी. खाली पाणी निथळायची भोकं मोकळी आहेत का पाहावं, कारण ती तुंबली की पहिल्यांदा दाराचा तळ सडतो. पावसाळ्यात गाडी प्लास्टिकच्या आवरणाखाली कोंडली होती का हेही तिथल्या वासावरून समजतं. काम झालेलं असेल तर उकलण्याआधीचे मोजपट्टीसकट काढलेले फोटो मागावेत, दोन्ही बाजूंची मापं मागावीत, आणि काढलेलं लाकूड कुठे आहे ते विचारावं. ज्या गॅरेजने काम नीट केलं असेल, त्याच्याकडे एक खोका असतो. त्यात सडका खांब, वाकलेले स्क्रू, जुन्या कापडाचा तुकडा, प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. गाडी विकली तर तो खोकाही गाडीबरोबर जायला हवा. आणि मग मागची गादी उचलून तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेला क्रमांक वाचावा, आणि उंबऱ्यावर ठोकलेल्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावं.